हाळीला येणारी पाखरं

मुंजाबाला पोहता येत नव्हतं, आणि तरी नाथसागरातल्या होडीवर तो कामाला होता. हे ऐकून शहाणीसुरती माणसं हसायची. हसू देत. पोटासाठी माणूस काय काय करतो याची गंमत ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच वाटते.

मुंजाबा धनगर. धरणाच्या काठाला, पैठणच्या अलीकडं, हातवडी म्हणून एक गाव आहे, तिथला. आधी बापाची मेंढरं होती, मग ती त्याची झाली. दिवाळी उलटली की धरणाचं पाणी मागं सरकायला लागतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर लुसलुशीत गवत येतं. त्या गवतावर त्याची मेंढरं दिवसभर चरायची. दिवस कलला की मुंजाबा घोंगडं खांद्यावर टाकून उंचवट्यावर उभा राहायचा आणि हाळी द्यायचा.

ही हाळी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. जीभ टाळूला लावून आधी टक-टक-टक असा आवाज काढायचा, आणि मग घशातून वर चढत जाणारा, शेवटाला जरासा कापरा होणारा ‘हेऽऽऊ’. ऐकायला सोपं वाटतं, पण जमत नाही. प्रत्येक धनगराची हाळी निराळी असते. बाप पोराला मेंढरं देतो तशी हाळीही देतो. पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले तरी धनगर घाबराघुबरा होत नाही. दोघांनी आपापली हाळी द्यायची, मेंढरं आपसूक वेगळी होतात. परक्याच्या हाळीला मेंढरू मान वर करून बघतसुद्धा नाही. मुंजाबाचा देवाधर्मावर बेताचाच भरवसा होता, पण या एका गोष्टीवर पक्का होता.

हाळी ऐकली की कळप येऊन वाघरीत बसायचा. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती खुंट्या ठोकून लावायची जाळी. बाहेर लांडगा फिरतो, आत मेंढरं निवांत रवंथ करतात. हाळी आली की जाळीत जायचं आणि जाळीत गेलं की जिवाला धोका नाही, एवढं त्याच्या मेंढरांना पाठ होतं.

एका पावसाळ्यात रोग आला. मेंढरांच्या तोंडाला फेस यायचा, पाय ओढत चालायची, बसली की उठायचीच नाहीत. डॉक्टर आला, सुया टोचल्या, पण उशीर झाला होता. आठवड्याभरात वाडा रिकामा झाला. मुंजाबानं स्वतःच्या हातानं सगळी पुरली आणि त्या दिवसापासून त्याची दातखीळ बसली. बायको, राजाबाई, कापूस वेचायला जायची, आल्यावर चूल पेटवायची, आणि हा भिंतीला टेकून खुंटीवरच्या वाघरीकडं बघत बसलेला. वाघर विकायचं तिनं एकदा नाव काढलं तेव्हा त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

राजाबाई बोलून चालून खमकी बाई. ती उठून कडुबाकडं गेली. कडुबा जातीचा भोई. त्याची मोटरची होडी होती. एरवी तो मासे धरायचा आणि थंडीत शहरातल्या लोकांना पाण्यावर पाखरं दाखवायला न्यायचा.

“कडुबाभाऊ, ह्या माणसाला कुठंबी लावा,” ती म्हणाली. “घरात बसून बसून येडं व्हईल ते.”

“त्याला पवता येतं का?”

“नाय.”

“वल्हवता?”

“त्येबी नाय. पर धरून ठिवायला सांगा, सोडणार नाय.”

कडुबानं कपाळाला हात लावला, पण घेतला. मुंजाबाचं काम म्हणजे चिखलातून होडी ढकलायची, पाहुण्यांना हात देऊन चढवायचं, उतरवायचं. बाकीचा वेळ तो होडीच्या मधोमध दोन्ही हातांनी काठ धरून बसायचा. कुणी विचारलं, “काका, भीती वाटते का?” तर सरळ “व्हय” म्हणायचा.

त्या होडीत दर थंडीला येणाऱ्या एक कालिंदीबाई होत्या. शहरात उस्मानपुऱ्यात राहायच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात दुर्बीण, डोक्याला मफलर, आणि स्वभावानं फटकळ. होडीच्या भोवती लांबूनच घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या पाखरांकडं बोट दाखवून त्यांनी मुंजाबाला सांगितलं, की हे कुरव, सीगल म्हणतात ते. वर बर्फाकडच्या तळ्यांवर यांची घरं. थंडी पडली की खाली येतात. बरेचसे समुद्रावर जातात, काही इथंच राहतात.

“हितं समुंदर कुठंय?” मुंजाबानं विचारलं.

“पलीकडचा काठ दिसतोय का तुम्हाला?”

“नाय.”

“मग त्यांना तरी कसा दिसेल?”

मुंजाबा हसला. मेंढरं गेल्यावर पहिल्यांदा हसला असेल. आपल्यासारखीच ही पाखरं घर सोडून चाऱ्यामागं निघालेली आहेत, हे त्याला एकदम पटलं.

त्या दिवशी पाहुण्यांना एका बेटावर उतरवून कडुबा त्यांच्याबरोबर गेला, आणि मुंजाबा होडी धरून एकटा राहिला. त्यानं भाकरी सोडली. एक तुकडा पाण्यात पडला, तर वरून एक पांढरं पाखरू झेपावलं आणि तुकडा उचलून गेलं. त्यानं आणखी एक टाकला. मग दोन पाखरं आली, मग चार. आणि काय झालं कुणास ठाऊक, मुंजाबाची जीभ टाळूला लागली. टक-टक-टक. हेऽऽऊ. एवढे महिने घशात अडकून पडलेली हाळी बाहेर आली. स्वतःचाच आवाज ऐकून त्याचे डोळे भरले. त्यानं सगळी भाकरी कुस्करून टाकली आणि स्वतः उपाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. पंधरवड्यात अशी गत झाली, की होडी काठापासून सुटून मुंजाबानं हाळी दिली की लांब पाण्यावर बसलेला थवा उठायचा, ओरडत यायचा आणि होडीवर छत धरल्यासारखा फिरायचा. एका पाखराचा पाय वाकडा होता. ते होडीच्या नाकाडावर येऊन बसायचं. मुंजाबा त्याला लंगडी म्हणायचा. मेंढरांतही त्याची एक लंगडी होती.

मग काय, मुंजाबाचं नाव झालं. शहरातून येणारे लोक विचारायचे, “हाक मारणारे काका आहेत ना आज?” पाहुणे शेवेची पाकिटं घेऊन यायला लागले. कडुबाची होडी रिकामी म्हणून राहीना. आणि मुंजाबा माणसात आला. पोटभर जेवायला लागला, पारावर बसायला लागला. उन्हाळ्यात पाखरं गेली की जरा कोमेजायचा, आणि दिवाळीनंतर एखाद्या सकाळी घरी येऊन सांगायचा, “राजे, लेकरं आली बग.” राजाबाई पदरानं तोंड पुसायची आणि देवापुढं साखर ठेवायची. तिला कुरव माहीत नव्हते, नवरा माहीत होता.

फक्त कालिंदीबाईंना हे पसंत नव्हतं.

“मुंजाबा, हे बरं नाही,” त्या एकदा म्हणाल्या. “जंगली पाखरं आहेत. त्यांनी माणसाला भ्यायला पाहिजे. तुम्ही त्यांची भीती घालवताय.”

“आवो बाई, मी काय वाईट करायलोय का त्यांचं?”

“तुम्ही नाही करणार. दुसरा करेल.”

मुंजाबानं मान हलवली. बाईंना एवढंही कळू नये याचं त्याला नवल वाटलं. “दुसऱ्याच्या हाळीला येत नसत्यात, बाई. मेंढरूबी येत नाय. माझी हाळी हाय ती, माझ्या बापाची हाय. दुसऱ्या कुनाच्या नरड्यातून निघतच नाय ना.”

आणि त्याचं खोटं नव्हतं. कडुबानं नक्कल करून पाहिली होती, होडीतल्या पोराटोरांनी पाहिली होती. पाखरं आपली लांबच्या लांब.

त्या वेळी कालिंदीबाईंची नात सोबत होती, स्वराली, कॉलेजात शिकणारी. मुंजाबा हाळी देत होता, पाखरं त्याच्या हातातून शेव उचलत होती, आणि ती मोबाइलवर ते सगळं उतरवून घेत होती. “आज्जी, बघ ना!” असं ओरडून ती खळखळून हसली. नंतर तिनं मुंजाबाला तो व्हिडिओ दाखवला. आपला आवाज एवढ्याशा डबीतून बाहेर येतोय हे बघून मुंजाबा लाजला. “टाकू का काका, सगळ्यांना बघायला?” तिनं विचारलं. “टाका की,” तो म्हणाला. त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? महिन्याभरात तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाइलांवर फिरून आला. राजाबाईला कापसाच्या रानात बायकांनी दाखवला.

पुढच्या थंडीतली गोष्ट. सकाळी दाट धुकं होतं. होडीत कालिंदीबाई होत्या, स्वराली होती, आणखी एक नवरा-बायको होते. कडुबानं मोटर बंद केली. मुंजाबानं हाळी दिली. धुक्यातून आधी नुसता ओरडा ऐकू आला, मग पांढरे पंख दिसायला लागले. लंगडी नाकाडावर येऊन बसली. मुंजाबानं शेवेत हात घातला.

तेवढ्यात डाव्या अंगाला, बुडालेल्या बाभळींच्या पलीकडून आवाज आला. टक-टक-टक. हेऽऽऊ.

मुंजाबाचा हात शेवेतच राहिला. क्षणभर त्याला वाटलं, बाप हाक मारतोय. दुसऱ्या कुणाकडून तो आवाज त्यानं आयुष्यात ऐकलेला नव्हता. पुन्हा आला. तोच चढ, शेवटाला तोच कापरेपणा. होडीवरची पाखरं वळली. बघता बघता सगळा थवा त्या बाजूला धुक्यात शिरला. लंगडी तेवढी बसून राहिली.

“कडुबा, तिकडं घे,” मुंजाबा म्हणाला. “बिगी घे.”

बाभळींच्या मागं पाणी उथळ होतं. बांबू रोवलेले, आणि बांबूंना उभी जाळी ताणलेली. मुंजाबाला आधी वाटलं, ही तर वाघर. तशीच बारीक गाठींची, तशीच खुंट्यांवर ताणलेली. मग जाळीत लटकलेली पाखरं दिसली. काही पंख फडफडवत होती, काही नुसती लोंबत होती. बांबूला तेलाचा एक रिकामा डबा बांधलेला होता आणि त्यातून मुंजाबाचा आवाज येत होता. हाळी संपली की एका पोरीचं खळखळून हसणं यायचं, “आज्जी, बघ ना!” आणि पुन्हा टक-टक-टक.

स्वरालीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

ज्या माणसानं कधी होडीचा काठ सोडला नव्हता त्यानं पाण्यात उडी टाकली. पाणी छातीला लागलं. मुंजाबा जाळीपाशी गेला आणि पाखरं सोडवायला लागला. गाठी ओल्या, बोटं गारठलेली, पाखरं चोची मारत होती. आणि डोक्यावर त्याचा स्वतःचा आवाज आणखी पाखरांना बोलावत होता. ती येतही होती. त्याच्या डोळ्यांदेखत येऊन जाळीवर आदळत होती.

“ते बंद करा!” मुंजाबा ओरडला. “कुनीतरी बंद करा ते!”

कडुबानं डबा ओरबाडून काढला, पण त्याला कळ सापडेना. शेवटी स्वरालीनं आत हात घालून डब्यातला मोबाइल बंद केला. मग पाण्यावर फक्त पंखांची फडफड ऐकू येत राहिली.

जिवंत होती ती सोडली. बरीचशी मेलेली होती. कुठल्या तरी ढाब्यांवर बदक म्हणून खपवतात, कडुबा म्हणाला. लावणारे कोण, ते कळलं नाही. धुक्यात सटकले. वनखात्याची माणसं आली, जाळी काढून घेऊन गेली, गस्त घालायला लागली. पण नाथसागर म्हणजे काय गावचं तळं आहे का? आठ दिवसांनी वारा दक्षिणेकडून आला तेव्हा मुंजाबाला पुन्हा आपला आवाज ऐकू आला, लांबून, पाण्यावरून. तो दारात बसला होता. त्यानं कानांवर हात ठेवले.

राजाबाई म्हणाली, “त्या बाईंच्या नातीकडं जावा. तिनं नेलाय आवाज, तिलाच मागा.”

तेव्हा मुंजाबा शहरात गेला. एसटी स्टँडवर उतरला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, “उस्मानपुऱ्यात कालिंदीबाईंकडं सोडा.”

“उस्मानपुरा तो बहुत बडा है, चाचा,” रिक्षावाला हसला. “कौनसी गल्ली?”

गल्ली कुठली ते मुंजाबाला ठाऊक नव्हतं. मास्तरीणबाई, डोक्याला मफलर, गळ्यात दुर्बीण, एवढाच पत्ता. रिक्षावाला भला माणूस. दोन दुकानांत विचारलं, तिसऱ्यानं इमारत दाखवली.

कालिंदीबाईंनी दार उघडलं आणि काही न विचारता त्याला आत घेतलं. स्वराली बाहेरच्या खोलीत आली ती मान खाली घालूनच. मुंजाबा सोफ्याच्या कडेला टेकला, पायांचा चिखल फरशीला लागू नये म्हणून पाय उचलून.

“ताई,” तो म्हणाला, “माझी हाळी मला माघारी द्या.”

स्वराली रडायला लागली. “काका, मी त्याच दिवशी काढून टाकला हो तो व्हिडिओ. पण लोकांनी उतरवून घेतलाय. कुणाकुणाकडं आहे ते मलाही माहीत नाही. आता तो परत घेता येत नाही.”

“म्हंजी कसं?” मुंजाबाला खरंच कळत नव्हतं. “दिल्याली चीज माघारी घेता येत नाय?”

चहा आला, निवला. मग मुंजाबानं कालिंदीबाईंकडं पाहिलं. “मग त्या पाखरांना कसं सांगायचं, बाई? की ती हाळी माझी नाय म्हनून? मला वळखत्यात ती. माझ्या हातातून खात्यात.”

कालिंदीबाईंना ‘मी सांगितलं होतं’ म्हणायचा पुरेपूर अधिकार होता. त्यांनी तसं म्हटलं नाही. पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “मुंजाबा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ती तुम्हाला ओळखत नाहीत हो. तो आवाज झाला की खायला मिळतं, एवढंच त्यांना माहीत आहे. तुमच्या जागी डबा असला तरी त्यांना चालतं.”

मुंजाबानं मान डोलावली. त्याला ते फार लागलं. मेंढरं गेली तेव्हा ती त्याची म्हणून गेली होती. ही पाखरं तर त्याची कधी नव्हतीच. ती आपली आहेत असं धरून तो इतकी वर्षं उगीच जगला.

परतीच्या एसटीत मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यात फिरत राहिली. मेंढरू पिकात शिरायला शिकलं तर धनगर काय करतो? समजूत घालत नाही. खोड मोडतो.

घरी येऊन त्यानं खुंटीवरची गोफण काढली. दोरी जुनी झाली होती. राजाबाईला म्हणाला, “जरा वळून दे.” तिनं विचारलं, कशाला? त्यानं सांगितलं. ती बराच वेळ दोरी हातात धरून बसली, आणि मग घट्ट वळून दिली.

कडुबा ऐकून उखडलाच. “येडा का खुळा तू? पाखरं गेल्यावर मानसं काय पानी बगायला येतील?”

“जित्ती ऱ्हायली तर लांबून दिसतील,” मुंजाबा म्हणाला. “मेल्याली कुनाला दावशील?”

कडुबा शिव्या घालत गेला. सकाळी मात्र होडी घेऊन काठाला उभा होता.

त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. पाण्याच्या मध्यावर मोटर बंद झाली. काठ सोडायला भिणारा मुंजाबा होडीत उभा राहिला, पाय फाकवून, गोफणीत खडा घालून. त्यानं हाळी दिली. थवा उठला, ओरडत आला, होडीवर फिरायला लागला. मुंजाबानं गोफण फिरवली. खडा थव्याच्या मधून सणसणत गेला. पाखरं किंचाळून विखुरली आणि लांब जाऊन बसली.

त्यानं पुन्हा हाळी दिली. पुन्हा आली.

खडा चुकून आला असेल, या माणसाकडून वाईट होणार नाही, असंच जणू त्या पाखरांनी ठरवलं होतं. त्यानं पुन्हा मारलं. पुन्हा बोलावलं. कडुबा तोंड फिरवून मोटरशी उगाच खुडबुड करत बसला होता. नुसतं भेवडावून भागत नाही हे मुंजाबाला कळून चुकलं होतं. धनगराला ते आधीपासूनच ठाऊक असतं, पण हात धजत नाही. शेवटी त्यानं नेम धरून मारला. बाकीची उडाली. लंगडी नाकाडापासून लांब गेलीच नव्हती. खडा तिच्या पंखाला लागला आणि ती पाण्यात पडली.

त्यानं तिला ओंजळीत उचलून होडीत घेतलं. तिला मांडीवर ठेवलं, आणि ती मांडीवर असतानाच आणखी एकदा हाळी दिली. या वेळी कुणी आलं नाही.

लंगडी त्याच संध्याकाळी टोपलीखाली मेली. जिथं मेंढरं पुरली होती तिथं मुंजाबानं तिलाही पुरलं. राजाबाई त्याच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, “लई वंगाळ झालं.” तो “व्हय” म्हणाला.

पण काम संपलं नव्हतं. तो रोज सकाळी गेला. रोज तीच हाळी आणि तोच खडा. दूरदूरचे थवे शोधून त्यांना बोलावलं आणि मारलं. आधी पाखरं हाळी ऐकून उठायची आणि अर्ध्या वाटेत थबकायची. मग नुसती माना उंचावून बघायची. मग एका सकाळी, मुंजाबानं तोंड उघडलं नव्हतं तरी, दक्षिणेच्या अंगानं डब्यातली हाळी आली. पाण्यावर बसलेला अख्खा थवा एकदम उठला आणि त्या आवाजाच्या उलट्या बाजूला, लांब, दिसेनासा होईपर्यंत उडत गेला.

“झालं,” मुंजाबा म्हणाला, आणि गोफण पाण्यात टाकून दिली.

जाळीवाले काही दिवस थांबले असतील. पाखरं येईनात म्हटल्यावर आवाज बंद झाला. कडुबाच्या होडीला गिऱ्हाईक कमी झालं, पण अगदीच तुटलं नाही. कालिंदीबाई अजून येतात, लांबून दुर्बिणीनं बघतात. मुंजाबाला त्यांनी एकदाच म्हटलं, “तुम्ही केलंत ते मला जमलं नसतं.” तो होडीच्या मधोमध दोन्ही काठ धरून बसून राहिला. स्वराली पुन्हा आली नाही.

पुढच्या दिवाळीला राजाबाईनं माहेरून एक मेंढी आणली. मुंजाबानं तिला पाहिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि खुंटीवरची वाघर काढून झटकली. राजाबाईला एवढ्यानंच भरून आलं. आता सगळं पुन्हा रुळावर येईल असं तिला वाटलं.

मेंढी गाळावर चरायला लागली. एके दिवशी चरत चरत पार पाण्याच्या कडेला गेली. दिवस बुडायला आला होता, राजाबाई उंचवट्यावर उभी होती.

“आवो, हाळी द्या की,” ती म्हणाली. “लांब चाललीय ती.”

मुंजाबानं खाली पाहिलं. मेंढीच्या पुढं, उथळ पाण्यात, नुकतीच आलेली पांढरी पाखरं बसली होती. बर्फाकडून एवढा पल्ला मारून दमलेली, पंखांत माना घालून. त्याची जीभ टाळूला लागली आणि तिथंच थांबली. हाळी दिली असती तर मेंढीला काही कळलं नसतं. तिनं ती कधी ऐकलीच नव्हती. पाखरांना मात्र कळलं असतं.

“द्या ना,” राजाबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि चिखलातून चालत निघाला. आवाज न करता, वळसा घालून, पाखरं उठणार नाहीत अशा बेतानं तो पाण्याच्या कडेला गेला. मेंढीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि तिला ओढत, गुडघाभर गाळातून, अंधार पडता पडता घरी घेऊन आला.

राजाबाईनं पुन्हा कधी हाळी द्यायला सांगितलं नाही. ती मेंढी अजून दोरीनंच घरी येते.